विद्यापीठीय ग्रंथालय, ऑनलाइन साधने आणि मराठीचा संशोधक

१

पीएच.डी.च्या प्रबंधांतून अलीकडे एक विधान वारंवार वाचावयास मिळते : ‘पुष्कळ प्रयत्न करूनही सदर साधन उपलब्ध होऊ शकले नाही.’ पूर्वी असे विधान करावयाचे तर अभ्यासकाला चार गावांतील ग्रंथालये पालथी घालावी लागत. आता संगणकाच्या पडद्यावर ‘नोंदी : शून्य’ एवढे उमटले की ते विधान प्रबंधात दाखल होते. काही वर्षांपूर्वी एका प्रबंधाचा परीक्षक म्हणून काम करताना असाच अनुभव आला. मर्ढेकरांच्या १९४७ सालच्या ‘कांहीं कविता’ या संग्रहाची पहिली आवृत्ती विद्यापीठाच्या ग्रंथालयात नाही, असे उमेदवाराने टीपेत नमूद केले होते. मौखिक परीक्षेला अजून तासभर अवकाश होता, म्हणून त्याच ग्रंथालयात जाऊन जिन्याखाली ठेवून दिलेल्या जुन्या तालिकापत्रांचे खण उघडून पाहिले. पत्र होते, आणि त्यावरील क्रमांकाच्या आधारे मांडणीवर पुस्तकही होते. उमेदवाराने संगणकात ‘काही कविता’ असा शोध घेतला होता. नोंद करणाऱ्याने मुखपृष्ठ पाहून दोन्ही अनुस्वारांसह ‘कांहीं’ असे टंकलिखित केले होते. संगणकाच्या लेखी ही दोन वेगळी पुस्तके होती.

या उमेदवारास आळशी म्हणता येणार नाही. ज्या साधनावर त्याने विश्वास ठेवला ते साधन कसे चालते, हे त्याला कोणी सांगितले नव्हते, एवढेच. विद्यापीठीय ग्रंथालयांनी गेल्या पंचवीस-तीस वर्षांत तालिकापत्रांकडून संगणकीय तालिकेकडे आणि छापील नियतकालिकांकडून ऑनलाइन संग्रहांकडे जो प्रवास केला, त्याचे स्वरूप मराठी विभागांतून क्वचितच समजावून दिले जाते. संशोधनपद्धतीच्या अभ्यासक्रमात ‘संगणकाचा वापर’ असे एक घटकनाम असते, आणि बहुधा ते नाव लिहिण्यापुरतेच असते. प्रस्तुत लेखात मराठी साहित्याच्या अभ्यासकाच्या दृष्टीने या साधनांचा विचार करावयाचा आहे. विज्ञानशाखांच्या अभ्यासकाला ती जशी उपयोगी पडतात तशी आपल्याला पडत नाहीत. त्याची कारणे भाषेत, लिपीत आणि आपल्या वाङ्मयीन व्यवहाराच्या इतिहासात आहेत.

२

आरंभ ग्रंथालयाच्या तालिकेपासूनच करणे योग्य. आज बहुतेक विद्यापीठांत ‘सोल’ किंवा ‘कोहा’ यांसारख्या संगणकप्रणालींवर तालिका तयार झालेल्या असून त्या बाहेरूनही पाहता येतात. ग्रंथपालांच्या बोलण्यात त्यांना ‘ओपॅक’ म्हणतात. परंतु जुन्या लाखभर पत्रांचे संगणकीय नोंदींत रूपांतर करण्याचे काम अनेक ठिकाणी ठेक्याने, ठरावीक मुदतीत आणि मराठी वाङ्मयाशी परिचय नसलेल्या माणसांकडून झाले. कोठे नोंदी देवनागरीत आहेत, कोठे रोमन लिपीत, तर कोठे अर्ध्या अशा आणि अर्ध्या तशा. यामुळे एकाच ग्रंथकाराची पुस्तके तीन ठिकाणी विखुरलेली आढळतात.

देवनागरीतील नोंदींचा प्रश्न अधिक मुळातला आहे. वाचकाचा डोळा शब्द ओळखतो. यंत्र अक्षरांमागील संकेतांकांची एकामागून एक तुलना करते आणि त्यांत एकाचाही फरक पडला की शब्द निराळा ठरवते. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम १९६२ साली आले व पुढे १९७२ साली त्यांत भर पडली. त्यांपूर्वीच्या ग्रंथांच्या नावांतून अनुच्चारित अनुस्वार सर्रास आढळतात. तालिकाकाराने मुखपृष्ठाशी प्रामाणिक राहावे हा ग्रंथालयशास्त्राचा नियम रास्तच आहे, पण त्यामुळे ‘नांव’ आणि ‘नाव’, ‘विष्णु’ आणि ‘विष्णू’ अशा जोड्या शोधात एकमेकींना सापडत नाहीत.

मराठी विभागाला सर्वांत जवळचा जो शब्द, त्याची अवस्था सर्वांत बिकट आहे. ‘वाङ्मय’ हा शब्द संगणकीय तालिकांतून किती रूपांनी वावरतो हे एकदा मुद्दाम पाहण्यासारखे आहे. ‘ङ’ला हलन्त चिन्ह देऊन, ‘ङ’ पूर्ण ठेवून, ‘ङ’ न सापडल्यामुळे ‘ड’ वापरून, त्या ‘ड’पुढे पूर्णविरामाचा टिंब देऊन, आणि कधी ‘वांग्मय’ असेही. याखेरीज हलन्त ‘ङ’ आणि ‘म’ जोडले जाऊ नयेत म्हणून मध्ये एक अदृश्य चिन्ह घातले जाते. ते पडद्यावर दिसत नाही, पण यंत्र ते मोजते. म्हणजे डोळ्याला तंतोतंत सारखे दिसणारे दोन ‘वाङ्मय’ यंत्राला भिन्न असू शकतात. ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’ यांतील अर्ध्या ‘र’चीही अशीच गत आहे. युनिकोडमध्ये तो दोन मार्गांनी लिहिता येतो. एका मार्गात खाली टिंब असलेला स्वतंत्र ‘ऱ’ योजतात, तर दुसऱ्यात नेहमीचा ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. छापून आल्यावर दोहोंत काही फरक उरत नाही. ‘ॲ’ या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान २००८ साली मिळाले. त्याआधी ‘अ’वर चंद्र चढवून ते साधले जाई, आणि अजूनही पुष्कळ जण तसेच करतात.

यातून निघणारा व्यावहारिक बोध साधा आहे. संपूर्ण शीर्षक टंकलिखित करून शोध घेऊ नये. शीर्षकातील ज्या शब्दाच्या लेखनाविषयी मतभेद संभवत नाही असा एक शब्द, किंवा त्याचा निर्विवाद भाग, घ्यावा. ‘मराठी वाङ्मयाचा इतिहास’ हवा असल्यास ‘वाङ्मय’ टाळून ‘मराठी’ व ‘इतिहास’ हे दोन शब्द द्यावेत. मर्ढेकरांच्या बाबतीत शीर्षकापेक्षा आडनाव अधिक विश्वसनीय होते. सर्व शोध निष्फळ ठरल्यास वर्गांक हा शेवटचा आणि पुष्कळदा उत्तम उपाय. ड्यूई दशांश पद्धतीत मराठी साहित्याला ८९१.४६ हा क्रमांक असून त्यापुढे १ आल्यास कविता, २ आल्यास नाटक आणि ३ आल्यास कथात्म साहित्य. वर्गांकाने शोध घेतल्यास लेखनभेदाचा अडसर राहत नाही आणि मांडणीवर शेजारी उभी असलेली पुस्तकेही नजरेखाली येतात. मात्र दलित आत्मकथने, लोकसाहित्य, संतचरित्रे यांच्या बाबतीत केवळ या क्रमांकावर विसंबून चालत नाही. एकच ग्रंथ कोणी साहित्यात, कोणी समाजशास्त्रात, कोणी चरित्रांत ठेवतो, आणि तिघांचेही काही चुकलेले नसते.

टोपणनावांचा घोळ हा आपला आणखी एक खास वारसा आहे. तालिकाशास्त्रात ग्रंथकाराच्या सर्व नामरूपांना एका प्रमाणनामाखाली आणण्याची सोय असते. ती पाळलेली असेल तर ‘आरती प्रभू’ शोधणाऱ्याला चिं. त्र्यं. खानोलकरांच्या कादंबऱ्याही दिसाव्यात आणि ‘कुसुमाग्रज’ शोधणाऱ्याला शिरवाडकरांची नाटके. प्रत्यक्षात ती क्वचित पाळलेली असते. कवी ‘बी’ यांचा शोध एकाक्षरी नावाने घेऊन पाहावा, म्हणजे यंत्राची मर्यादा म्हणजे काय ते कळते. नारायण मुरलीधर गुप्ते या पूर्ण नावाने गेल्यावाचून तेथे गत्यंतर नाही. ‘अनिल’ आणि ‘ग्रेस’ यांविषयी वेगळे सांगावयास नको.

३

संगणकीय तालिका आपल्या ग्रंथालयात काय आहे ते सांगते. ऑनलाइन संग्रहांचे क्षेत्र त्यापलीकडचे. आपल्याकडील या व्यवस्थेचा इतिहास थोडक्यात असा : विद्यापीठ अनुदान आयोगाने १९९१ साली ग्रंथालयांना संगणकीय जाळ्याने जोडण्यासाठी ‘इन्फ्लिबनेट’ हा प्रकल्प सुरू केला. तो आरंभी पुण्याच्या आयुका या संस्थेच्या छत्राखाली होता आणि १९९६ साली स्वतंत्र आंतरविद्यापीठीय केंद्र झाला. आज त्याचे ठाणे गांधीनगर येथे आहे. या केंद्राने विद्यापीठांसाठी परदेशी संशोधनपत्रिकांची सामूहिक वर्गणी भरण्यास प्रारंभ केला. महाविद्यालयांसाठी ‘एन-लिस्ट’ ही योजना २०१० साली आली, आणि २०१५ साली तत्कालीन वेगवेगळ्या योजना ‘ई-शोधसिंधू’ या नावाखाली एकत्र झाल्या. २५ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ ही योजना संमत केली. २०२५, २०२६ व २०२७ या तीन वर्षांसाठी तीत ६,००० कोटी रुपयांची तरतूद असून सुमारे ३० प्रकाशकांच्या जवळजवळ १३,००० पत्रिका केंद्र व राज्य शासनांच्या व्यवस्थापनाखालील ६,३०० हून अधिक संस्थांना खुल्या करण्याचा संकल्प आहे.

या आकड्यांनी मराठीच्या अभ्यासकाने हुरळून जाण्याचे कारण नाही, आणि ‘त्यात आपल्यासाठी काय असणार’ असे म्हणून पाठ फिरविण्याचेही नाही. प्रकाशकांच्या यादीत एल्सविअर, स्प्रिंगर नेचर, वायली यांचे प्राबल्य आहे हे खरे. पण त्याच यादीत ऑक्सफर्ड आणि केंब्रिज ही विद्यापीठीय मुद्रणालये, सेज, टेलर अँड फ्रान्सिस आणि प्रोजेक्ट म्यूज हेही आहेत. कथनमीमांसा, अनुवादविद्या, लोकसाहित्य, स्त्रीवादी समीक्षा, दक्षिण आशियाचा सामाजिक इतिहास या विषयांवरील मूळ लेखन तेथे आहे. आपल्या प्रबंधांतून पाश्चात्त्य सिद्धान्त पुष्कळदा दुसऱ्या-तिसऱ्या हाताच्या मराठी सारांशांवरून येतो. मूळ लेख हाताशी असताना ही सवय सोडावयास हरकत नसावी. जुन्या अंकांसाठी जेस्टोर हा संग्रह फार मोलाचा आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या ‘अ‍ॅनल्स’चे जुने खंड आणि डेक्कन कॉलेजच्या ‘बुलेटिन’चे अंक त्यात आहेत. म्हणजे पुण्यात छापलेला लेख मिरजेत किंवा गोंदियात बसून वाचता येतो. आपल्या विद्यापीठाकडे त्याची वर्गणी आहे की नाही हे ग्रंथपालांना विचारून घ्यावे. नसल्यास वैयक्तिक नोंदणी करून मर्यादित संख्येने लेख पडद्यावर विनामूल्य वाचता येतात.

प्रवेशाची यंत्रणा समजून घेणे आवश्यक आहे, कारण निम्मे अभ्यासक तेथेच थबकतात. विद्यापीठाच्या आवारातील संगणकांना ठरावीक जाल-पत्ते असतात. प्रकाशकाचा संगणक तो पत्ता ओळखून दार उघडतो. त्यामुळे विभागात वाचता येणारा लेख घरी गेल्यावर पैसे मागू लागतो. यावर उपाय म्हणून इन्फ्लिबनेटने ‘इन्फेड’ ही ओळख-पडताळणीची सोय केली आहे. विद्यापीठाने दिलेल्या नावाने व सांकेतिक शब्दाने प्रवेश केल्यास घरूनही लेख वाचता येतो. एन-लिस्टमध्ये तर व्यवस्थाच वैयक्तिक आहे. अनुदानित महाविद्यालयाने अल्प वार्षिक वर्गणी भरली की ग्रंथपाल प्रत्येक शिक्षकाला आणि विद्यार्थ्याला स्वतंत्र खाते उघडून देऊ शकतात. तालुक्याच्या गावी काम करणाऱ्या अनेक प्राध्यापकांना आपले महाविद्यालय या योजनेत आहे हेच ठाऊक नसते. मूल्यांकन समितीपुढे ठेवण्याच्या अहवालात तिचा उल्लेख असतो, शिक्षकखोलीत मात्र नसतो. नव्या योजनेत शासनाच्या थेट व्यवस्थापनाखालील संस्थांवर भर आहे आणि महाराष्ट्रातील बहुसंख्य महाविद्यालये खासगी शिक्षणसंस्थांची अनुदानित महाविद्यालये आहेत. ही वस्तुस्थिती लक्षात घेता त्यांच्यासाठी एन-लिस्टचे खाते ही आजही पहिली पायरी आहे.

४

मराठीतील साहित्य मोठ्या प्रमाणावर असलेला आणि सर्वांना खुला असलेला संग्रह म्हणजे ‘शोधगंगा’. आयोगाच्या २००९ सालच्या विनियमांनी प्रबंधाची संगणकीय प्रत सादर करणे बंधनकारक केले आणि त्यातून हा संग्रह वाढत गेला. आज त्यात सर्व विषयांचे मिळून पाच लाखांहून अधिक प्रबंध आहेत. विषय निश्चित करण्यापूर्वी तो पाहिला नाही तर काय घडते हे मार्गदर्शकांना माहीत आहे : एकाच कादंबरीकारावर, एकाच प्रकरणरचनेने, तीन विद्यापीठांत तीन प्रबंध.

परंतु तेथेही शोधपेटीवर विसंबणे धोक्याचे ठरते. मराठी प्रबंधांची शीर्षके कोठे देवनागरीत, कोठे रोमन लिपीत आणि कोठे इंग्रजी भाषांतर करून नोंदविलेली आहेत. ‘ग्रामीण कादंबरी’ असा शोध घेणाऱ्याला इंग्रजी शीर्षकाखाली दडलेला प्रबंध दिसणार नाही. म्हणून विद्यापीठ, त्यानंतर मराठी विभाग, असा क्रम धरून संपूर्ण यादी एकदा डोळ्यांखालून घालावी. महाराष्ट्राबाहेरील विद्यापीठांतील मराठी विभागांकडेही दुर्लक्ष होऊ नये. गोवा, बडोदे, हैदराबाद येथे झालेले काम आपल्या पूर्वाभ्यासाच्या प्रकरणांतून सहसा निसटते. प्रबंध एकसंध नसून प्रकरणवार निरनिराळ्या फायलींत ठेवलेला असतो. सर्व फायली उतरवून घेण्याआधी ज्या फाईलच्या नावात ‘८०’ हा आकडा असतो ती उघडावी. तीत बहुधा मुखपृष्ठ आणि निष्कर्ष असतात, आणि प्रबंध आपल्या कामाचा आहे की नाही हे दहा मिनिटांत कळते.

याहून गंभीर बाब प्रबंधांच्या अंतरंगाची आहे. युनिकोड रूढ होण्यापूर्वी मराठी अक्षरजुळणी ‘श्रीलिपी’, ‘आयएसएम’ यांसारख्या प्रणालींवर होत असे, आणि पुष्कळ टंकलेखक आजही त्याच वापरतात. त्यांच्या जुन्या टंकांत देवनागरी अक्षराचे चित्र इंग्रजी अक्षराच्या संकेतांकावर बसविलेले असते. पडद्यावर ‘ज्ञानेश्वर’ दिसते, पण यंत्राच्या स्मृतीत काही निरर्थक रोमन अक्षरे आणि चिन्हे असतात. असा प्रबंध पीडीएफ रूपात शोधगंगेवर ठेवला की माणूस तो वाचू शकतो, शोधयंत्र वाचू शकत नाही. पाने छायाप्रतीसारखी स्कॅन करून ठेवली असतील तर यंत्राला केवळ चित्र दिसते.

याचा परिणाम शोधापुरता मर्यादित नाही. वाङ्मयचौर्याला आळा घालण्यासाठी आयोगाने २०१८ साली विनियम केले, दहा टक्क्यांपर्यंतचे साम्य दंडनीय मानू नये असे ठरविले, आणि २०१९ पासून ‘शोधशुद्धी’ योजनेखाली विद्यापीठांना साम्य तपासणारी प्रणाली पुरविण्यात आली. ही प्रणाली जे वाचू शकते त्याचीच तुलना करते. जुन्या टंकातील प्रबंधातून उचललेली चाळीस पाने नव्या प्रबंधात युनिकोडमध्ये पुन्हा टंकलिखित केली, तर तिला त्यात काहीच सामाईक आढळणार नाही. मराठी प्रबंधाला जोडलेल्या ‘साम्य दोन टक्के’ अशा प्रमाणपत्राचा अर्थ कित्येकदा ‘प्रबंध स्वतंत्र आहे’ असा नसून ‘यंत्राला मराठी पूर्वसाधने वाचता आली नाहीत’ असा असतो. परीक्षकाने ते प्रमाणपत्र पाहून निश्चिंत होणे म्हणजे पहारेकऱ्याला दृष्टी आहे की नाही याची चौकशी न करताच झोपी जाणे होय. विभागांनी प्रबंध युनिकोडमध्येच स्वीकारण्याचा नियम केला, तर निदान यापुढील काम तरी उघड्यावर राहील.

५

जुन्या मुद्रित ग्रंथांच्या बाबतीत गेल्या दोन दशकांत जे घडले ते आपल्या गुरुजनांच्या पिढीला स्वप्नवत वाटले असते. ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’ या प्रकल्पाखाली देशभरातील ग्रंथालयांतून स्कॅन केलेल्या पुस्तकांत मराठी ग्रंथ मोठ्या संख्येने होते. त्यांतील पुष्कळ आज इंटरनेट आर्काइव्ह या संग्रहात आहेत. अडचण आहे ती नावांची. शीर्षके रोमन लिपीत, दीर्घ स्वरासाठी इंग्रजी अक्षर दोनदा लिहून, आणि वाटेल त्या ठिकाणी तोडून नोंदविली गेली आहेत. एका ग्रंथासाठी चार-पाच संभाव्य लेखने करून पाहावी लागतात. स्कॅन करताना गळलेली पाने, आडवी पडलेली पाने, दोन आवृत्त्यांची सरमिसळ हेही तेथे नित्याचे आहे. म्हणून अशा प्रतीवरून उद्धृत करताना आवृत्ती व वर्ष मुखपृष्ठाच्या प्रतिमेवरून ताडून घ्यावे, नोंदीत दिलेल्या वर्षावर विसंबू नये.

परदेशी ग्रंथालयांच्या तालिकांत रोमन लेखनाची पद्धत निराळी, पण निदान एकसारखी आहे. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने १९६२ पासून आपल्या दिल्ली कार्यालयामार्फत, पी. एल. ४८० या कायद्याखाली साठलेल्या रुपयांतून, भारतीय भाषांतील पुस्तके विकत घेऊन तेथील विद्यापीठांना पुरविली. मराठीही त्यांत होती. एखाद्या छोट्या गावी प्रसिद्ध झालेला, आपल्याकडे आता नामशेष झालेला कवितासंग्रह शिकागोच्या तालिकेत सापडतो, त्याचे कारण हे आहे. त्या पद्धतीत अंत्य ‘अ’ लिहिला जातो. ‘नाटक’ किंवा ‘इतिहास’ यांच्या शेवटी इंग्रजी ‘ए’ हे अक्षर येते, आणि ‘चरित्र’मधील ‘च’ ‘एच’शिवाय केवळ ‘सी’ने लिहितात. एवढ्या दोन गोष्टी ध्यानात ठेवल्या तरी निष्फळ शोधांची संख्या निम्म्यावर येते.

कोशांच्या बाबतीत मराठी अभ्यासक भाग्यवान आहे. मोल्सवर्थच्या शब्दकोशाची १८५७ ची दुसरी आवृत्ती, दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश आणि तुळपुळे व फेल्डहाउस यांचा १९९९ सालचा प्राचीन मराठीचा कोश, हे तिन्ही शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई संकेतस्थळावर विनामूल्य शोधता येतात. महानुभाव गद्य किंवा बखरी वाचणाऱ्याने हे तीन कोश सतत उघडे ठेवावेत. केतकरांचा ज्ञानकोश आणि मराठी विश्वकोश हेही महाजालावर आहेत. राज्याच्या साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपली अनेक प्रकाशने वाचकांस मुक्तपणे उतरवून घेता येतील अशी ठेवली आहेत.

येथे स्वामित्वहक्काविषयी दोन शब्द लिहिणे भाग आहे, कारण या संदर्भात भीती आणि बेफिकिरी दोन्ही सारख्याच प्रमाणात आढळतात. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूच्या वर्षानंतर साठ वर्षे हक्क टिकतो. साने गुरुजी १९५० साली वारले, त्यांचे लेखन २०११ पासून मुक्त आहे. मर्ढेकर १९५६ साली गेले, त्यांचे २०१७ पासून. खांडेकरांचे निधन १९७६ चे, तेव्हा त्यांच्या कादंबऱ्यांवर २०३६ अखेरपर्यंत हक्क आहे, त्या कोठेही ‘मिळत’ असल्या तरी. मात्र खासगी अभ्यासासाठी व संशोधनासाठी उचित वापर करण्यास, तसेच भारतात विक्रीस उपलब्ध नसलेल्या पुस्तकाच्या तीनपर्यंत प्रती सार्वजनिक ग्रंथालयाने स्वतःच्या उपयोगासाठी करण्यास कायद्याच्या बावन्नाव्या कलमात मुभा आहे. दुर्मीळ ग्रंथाची प्रत नाकारताना या कलमाचा विचार क्वचितच होतो.

६

आता ज्या साधनावाचून मराठी साहित्याचा इतिहास लिहिता येत नाही, त्या नियतकालिकांकडे वळू. मराठी साहित्य प्रथम नियतकालिकांतून येते, ग्रंथरूप नंतर घेते, आणि त्यातील मोठा भाग ते कधीच घेत नाही. १८७१ सालची ‘मोचनगड’ ही गुंजीकरांची कादंबरी विविधज्ञानविस्तारातून क्रमशः आली. पुढील शतकभरातील कथा, कविता आणि समीक्षा यांचे खरे दप्तर मासिकांत व दिवाळी अंकांत आहे. या दप्तराविषयी संगणकीय तालिका जवळजवळ मुक्या आहेत. ‘विविधज्ञानविस्तार, बांधीव खंड’ एवढेच त्या सांगतात. कोणत्या अंकात कोणाचा लेख आहे हे सांगत नाहीत. बांधणी करताना मुखपृष्ठे व जाहिराती काढून टाकलेल्या असतात. दिवाळी अंक वाचकांत फिरून जीर्ण झाले की रद्दीत जातात. साठोत्तरी काळातील ‘शब्द’, ‘असो’, ‘वाचा’, ‘येरू’ यांसारखी अनियतकालिके विद्यापीठीय ग्रंथालयांनी त्या वेळी विकत घेण्याजोगी मानलीच नाहीत. ती आज व्यक्तींच्या कपाटांत आहेत.

या क्षेत्रात शंकर गणेश दाते यांच्या नावाला पर्याय नाही. १८०० ते १९३७ या कालखंडाची त्यांची ‘मराठी ग्रंथसूची’ १९४३ साली आणि पुढील १९५० पर्यंतचा भाग १९६१ साली प्रसिद्ध झाला. त्यांच्या नावाने स्थापन झालेल्या सूची मंडळाने १८०० ते १९५० या काळातील मराठी नियतकालिकांतील लेखनाची सूची सिद्ध केली. यंत्राची कसलीही मदत नसताना झालेले हे काम आजही असे आहे की त्याच्या पुढे जाणे दूरच, त्याचा वापरही आपण पुरेसा करीत नाही. विद्यार्थ्याला विषय दिल्यावर प्रथम शोधयंत्राकडे पाठवावे की दात्यांच्या सूचीकडे, असा प्रश्न मला कधी पडत नाही. सूचीत संदर्भ मिळाल्यावर अंक कोठे आहे हे पाहावे, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय, पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ अशा ठिकाणी पत्र पाठवावे आणि त्यानंतरच प्रवासखर्च करावा. आंतरग्रंथालयीन देवघेवीत बांधीव खंड मिळत नाहीत, पण विशिष्ट पानांची प्रतिमा मागितल्यास आज बहुधा मिळते. ग्रंथपालाला नेमका खंड, अंक आणि पृष्ठ सांगणाऱ्या पत्राला उत्तर येते. ‘मर्ढेकरांविषयी जे असेल ते पाठवावे’ अशा पत्राला येत नाही, आणि त्यात ग्रंथपालाचा दोष नाही.

सूची १९५० साली थांबते. ‘सत्यकथा’ १९८२ साली बंद पडली, म्हणजे तिचा सर्वांत महत्त्वाचा काळ या सूचीच्या बाहेर आहे. ‘अस्मितादर्श’ तर पूर्णपणे बाहेर आहे. १९५० नंतरच्या नियतकालिकांची लेखवार सूची हे काम कोणताही परदेशी प्रकाशक करणार नाही आणि सहा हजार कोटींच्या योजनेतही ते बसत नाही. ते मराठी विभागांनीच करावयाचे आहे, आणि ते वाटते तितके अवघड नाही. एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाच्या प्रकल्पासाठी प्रत्येक विद्यार्थ्याने एका नियतकालिकाचे एक वर्ष घ्यावे. बारा अंकांच्या मासिकाच्या एका वर्षात फार तर दोनशे-अडीचशे नोंदी होतात. नोंद युनिकोडमध्ये करावी. लेखकाचे छापील नाव आणि त्याचे प्रमाणनाम, शीर्षक, वाङ्मयप्रकार, वर्ष, अंक, महिना, पृष्ठे आणि अंक प्रत्यक्ष जेथे पाहिला त्या ग्रंथालयाचे नाव एवढे रकाने पुरेत. शीर्षकासाठी मात्र दोन रकाने ठेवावेत. पहिल्यात अंकात छापले असेल तसे, प्रत्येक अनुस्वारासह, आणि दुसऱ्यात आजच्या लेखनपद्धतीप्रमाणे. पहिल्या रकान्यात ‘कांहीं’ असेल तर दुसऱ्यात ‘काही’ असे लिहिलेले असावे.